पानांची टोकं जळून राहिली : १४ कुंड्या, पश्चिमेची बाल्कनी, नागपूर

तारेवरचा_नागपूरकर
१६ मे, सकाळी ६:४०

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहून राहिलो, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

झाडांतलं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करतो. वीज मंडळात ३४ वर्षं लाइनमन होतो. झाडांशी संबंध काय तो तारेला घासणाऱ्या फांद्या छाटण्यापुरता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बाल्कनीची फरशी सदा ओली, घसरायला नको म्हणून तिला तिकडे जायची बंदी. तेव्हापासून १४ कुंड्यांची ड्युटी माझ्याकडे आहे आणि कंट्रोल रूम आतल्या पलंगावर.

घर त्रिमूर्तीनगरात, तिसरा मजला, बाल्कनी पश्चिमेला. दोन वाजल्यापासून साडेसहापर्यंत ऊन थेट अंगावर. पारा आठवडाभर ४४-४५ वर. कुलर बाल्कनीतच आहे, खिडकीला टेकवलेला, जुना लोखंडी, ६० लिटरच्या टाकीचा.

तक्रार अशी. स्पायडर प्लांट तीन आहेत, तिन्हींची टोकं करपली. ड्रेसिनाचंही तेच. पीस लिलीच्या पानांना कडेने तपकिरी गोट लागल्यासारखा झालाय. क्रोटनचा रंगच उडाला, धूळ बसल्यासारखा दिसतो आणि पुसला तरी जात नाही. जास्वंदीचंही थोडंफार तसंच. रबर प्लांटच्या पानांवर पांढुरके मोठे डाग पडलेत, हात लावला तर पापडासारखं कुरकुरीत लागतं. एक्झोरा पिवळा पडून राहिला.

एका नर्सरीवाल्याला फोटो दाखवले. तो म्हणाला फंगस आहे, सगळीकडे पसरलं. त्याने पावडर दिली, ती दोनदा फवारली. मग किड्याचं औषध दिलं, तेही एकदा मारलं. ताकद यावी म्हणून प्रत्येक कुंडीत चमचाभर दाणेदार खत टाकलं. अंड्याची टरफलं कुटून टाकली. पाणी दोन वेळा घालतो. सगळं करून झालं बाप्पा, पण फरक शून्य. उलट वाढतच आहे.

फोटो लावलेत. कोणता रोग आहे हा? ही पुढच्या महिन्यात चालायला लागेल, त्याच्या आत काही करता आलं तर बरं.

---

हिरवळ_प्रेमी
१६ मे, सकाळी ७:५५

काका, मॅग्नेशियमची कमतरता आहे. एप्सम सॉल्ट एक चमचा एक लिटर पाण्यात, आठवड्यातून दोनदा. १०० टक्के रिझल्ट. माझा मनी प्लांट याच्यावरच छतापर्यंत गेला.

---

गच्चीवरची
१६ मे, सकाळी ९:१०

काका, हात जोडून एक विनंती. आजपासून साध्या पाण्याशिवाय कुंडीत काहीही घालू नका. पावडर नको, खत नको, एप्सम सॉल्ट तर अजिबात नको. लाइनवर फॉल्ट असला की तुम्ही फ्यूज, तार आणि ट्रान्सफॉर्मर एकदमच बदलून टाकत होता का? मग इथे का?

दुसरं. चौदाच्या चौदा कुंड्यांना एकच रोग आहे हे कशावरून? तुमच्या वर्णनात मला निदान तीन-चार वेगळी प्रकरणं दिसताहेत. बुरशीचं म्हणाल तर तिच्या बहुतेक प्रकारांना पान तासन्‌तास ओलं राहावं लागतं. मे महिन्यात नागपुरात पश्चिमेच्या बाल्कनीत ओलं काय राहणार आहे? बुरशीची काळजी जुलैत करू.

आता प्रत्येक झाडाजवळ जाऊन बघा आणि लिहा. बिघाड खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या? सुरुवात टोकाकडून आहे, कडेने आहे, शिरांच्या मधे आहे की पानाच्या पोटात कुठेही? चार दिवसांपूर्वीचा डाग आज मोठा झालाय की होता तेवढाच आहे? पान उलटं करून बघितलं का? आणि मातीत दोन बोटं घाला, वर कोरडी दिसली तरी आत काय आहे ते कळेल.

दोन प्रश्न वेगळे विचारते. तुमच्या फोटोतल्या स्पायडरची निम्मी पानं सरळ रेषेत संपताहेत. झाड असं संपत नाही. कात्री कोणी चालवली?

आणि बाल्कनीत तुळस असेलच. ती कशी आहे?

---

तारेवरचा_नागपूरकर
१६ मे, रात्री ९:३०

ताई, तुम्ही पोलिसात होता का हो?

कात्री मीच चालवली. झालं असं, ही रोज म्हणते, "एकेक पान आणून दाखवा, कुंड्यांचं काय चाललंय कळू द्या." करपलेलं पान दाखवलं तर ती काठी टेकत बाल्कनीत येईल. म्हणून सकाळी आधी टोकं छाटतो, मग त्यातलं बरं दिसणारं एक पान नेऊन दाखवतो. आतापर्यंत खपलंय.

आता तपासणीचा अहवाल.

स्पायडर, ड्रेसिना, पीस लिली : टोकाकडून सुरुवात, मग कडेकडेने खाली. जुन्या पानांवर जास्त, कोवळ्यांना कमी. तपकिरी भाग आणि हिरवा भाग यांच्या मधे पिवळी बारीक रेघ आहे, पेन्सिलने ओढल्यासारखी. पानाच्या मधे एकही ठिपका नाही. मातीवर पांढरट थर आहे, मला वाटलं पावडर सांडली असेल. कुंडीच्या बाहेरूनही पांढरं फुटलंय.

रबर प्लांट : डाग फक्त बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूच्या पानांवर आहेत. भिंतीकडची पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. २० एप्रिलला पहिल्यांदा दिसले, तेवढेच आहेत. हा हॉलमध्ये होता. ऊन मिळावं म्हणून मीच १८ तारखेला बाहेर काढला.

क्रोटन : पान जवळून पाहिलं तर सुईने टोचल्यासारखे फिक्कट ठिपके, हजारो. पाठीमागे काहीतरी जाळीसारखं आहे, माझ्या चष्म्याने नीट दिसत नाही.

एक्झोरा : याचं उलटंच. खालची पानं हिरवीगार आणि शेंड्याची पिवळी, पण शिरा मात्र हिरव्या. नकाशावर नद्या काढाव्या तसं.

तुळस ठणठणीत आहे. मंजिऱ्यांनी भरलीय. पण तिचं सगळं वेगळं असते. खत-पावडर तिला मी लावली नाही, हिने सक्त ताकीद दिली होती. पाणीही नळाचं, सकाळी पूजेनंतर तांब्याने. कुलरचं पाणी तुळशीला कसं घालणार?

---

गच्चीवरची
१६ मे, रात्री ९:४२

थांबा. बाकीच्यांना कुलरचं पाणी घालता?

---

तारेवरचा_नागपूरकर
१६ मे, रात्री ९:५८

हो. टाकी तिथेच आहे, पाण्याचा मग बुडवला की झालं. नळ तिकडे स्वयंपाकघरात. टाकी भरायला बोअरच्या पाण्याचा पाइप लावून ठेवलाय, बॉलकॉक आहे, आपोआप भरते. दिवसाला दहाएक लिटर कुंड्यांना जात असेल. पाणी वाया जायला नको हाही एक विचार. का, काय झालं? रॉकेल-बिकेल टाकत नाही हो मी टाकीत.

---

रसायनवाली_बाई
१७ मे, सकाळी ६:१५

काका, मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. झाडं माझी तुमच्यापेक्षा जास्त मरतात, म्हणून बागकामावर बोलत नाही, पण पाण्यावर बोलते.

कुलर पाणी पितो म्हणजे काय करतो? वाफ करून हवेत सोडतो. वाफेबरोबर फक्त पाणी जातं. त्यात विरघळलेले क्षार, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि त्यांची सगळी भावंडं, टाकीतच बसतात. तुमच्यासारखा कुलर या दिवसांत रोज ४५ लिटर पाणी सहज उडवत असेल. तुम्ही १० लिटर कुंड्यांना काढता. म्हणजे रोज ५५ लिटर पाणी टाकीत येतं आणि त्यातले सगळे क्षार बाहेर पडायला वाट एकच, तुमचा मग. ५५ लिटरचं मीठ १० लिटरमध्ये. पाणी साडेपाचपट खारं.

अंदाजाने आकडे टाकून बघू. बोअरचं पाणी समजा लिटरला ८५० मिलिग्रॅम क्षारांचं आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही इष्ट मर्यादा ५०० आहे, तेव्हा ८५० हे काही फार वाईट बोअर नाही. साडेपाचपट केलं की ४,६०० च्या वर जातं. अशा पाण्याचे १० लिटर म्हणजे रोज ४६-४७ ग्रॅम क्षार. महिन्याला सव्वा किलोहून जास्त. थोडं कुलरच्या ताट्यांवर बसून जाईल असं धरलं तरी किलोभर मीठ तुम्ही दर महिन्याला १३ कुंड्यांत मोजून घातलंय. त्याच्यावर चमचा-चमचा खत.

टोकच का जळतं, तेही सांगते, कारण मला ते फार सुंदर वाटतं. कुलरची ताटी बघा. पाणी वरून झिरपतं, हवा लागते, पाणी उडतं आणि पांढरा खरपुडा कुठे साचतो? जिथे पाणी संपतं तिथे. पानाचंही तसंच. मुळातून चढलेलं पाणी पानातून उडून जातं आणि बरोबर आलेले क्षार शेवटच्या थांब्यावर उतरतात. स्पायडरच्या पानाचा शेवटचा थांबा म्हणजे टोक. जुनं पान जास्त दिवस पाणी ओढत असतं, म्हणून ते जास्त जळतं.

पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन असतं, दोन मिनिटांचं काम आहे. नळ, बोअर आणि टाकी, तिन्ही मोजून इथे लिहा. माझा हिशेब चुकला तर मला आनंदच होईल.

---

गच्चीवरची
१७ मे, सकाळी ८:००

बाईंनी माझं काम हलकं केलं. एकच भर घालते. स्पायडर आणि ड्रेसिना ही दोन झाडं फ्लोराइडलाही नाजूक असतात, टोक तसंच जळतं. आपल्या विदर्भात यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही भूजलात फ्लोराइडचा त्रास आहेच. तेव्हा या दोघांना बोअरचं पाणी नकोच, कुलरचं असो वा थेट. सुपर फॉस्फेट खतातही फ्लोराइड असतं, तेही यांच्या कुंडीत नको.

आता उपाय, झाडागणिक.

स्पायडर, ड्रेसिना, पीस लिली यांची माती धुवायची. पांढरा थर आधी वरच्या वर खरवडून फेका, पाण्याबरोबर आत ढकलू नका. मग पहाटे, ऊन यायच्या आत, नळाचं पाणी हळूहळू ओता. कुंडीत जेवढं पाणी मावेल त्याच्या तीन-चारपट. खालच्या भोकातून ते धडधडून बाहेर पडलं पाहिजे आणि बशीतलं पाणी लगेच फेकलं पाहिजे, नाहीतर झाड तेच परत पितं. आपली काळी माती असेल तर पाणी तुंबेल. तसं झालं तर भोकातून काडी घालून वाट मोकळी करा. कुंडी बदलायचा उद्योग आत्ता नको, पाऊस स्थिरावला की बघू. जळलेला भाग पुन्हा हिरवा होत नसतो, त्यामुळे जुन्या पानाकडे बघून रोज निराश होऊ नका. नवं पान कसं निघतं ते बघा.

रबर प्लांटला रोग नाही, ऊन लागलंय. माणसाला एसीतून काढून थेट नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, उभं केलं तर काय होईल? डाग वाढत नाहीत, ऊन ज्या बाजूने येतं त्याच बाजूला आहेत, म्हणजे प्रश्न मिटला. आत घ्या. बाहेर ठेवायचाच असेल तर पावसाळ्यात, आधी सावलीत, मग थोडं थोडं पुढे.

क्रोटनला लाल कोळी आहे असं वाटतंय, पानातला रस शोषणारा बारीक जीव. पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानाला दोन टिचक्या मारा. कागदावर लाल-तपकिरी कण पडतील. ते चालायला लागले तर कोळी, नाही चालले तर धूळ. नर्सरीवाल्याचं औषध लागू पडलं नसेल तर नवल नाही. कोळी हा किडा नव्हेच. आठ पायांचा, जाळं विणणाऱ्या कोळ्यांच्या खानदानातला. माव्याचं औषध त्याला चालत नाही, उलट त्याला खाणारे किडे मरतात आणि याचं फावतं. उपाय म्हणजे पाण्याची जोरदार धार, पानाच्या पाठीवर, दर तीन दिवसांनी, निदान चार वेळा. एवढ्या उकाड्यात यांची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते. एकदा धुतलं आणि विसरलं असं चालणार नाही. कडुनिंबाचं तेल मारायचं झालं तर सूर्य बुडाल्यावर. दुपारी मारलंत तर पान तळून निघेल.

जास्वंदीलाही हीच कागदाची परीक्षा. एक्झोऱ्याचं सांगायला इथे माझ्यापेक्षा जाणता माणूस आहे. काटोलवाले, कुठे आहात?

---

काटोलवाला
१८ मे, रात्री १०:२०

आहो ना ताई. दिवसभर बगीच्यात पाणी देऊन रायलो, आता टेकलो.

लाइनमन भाऊ, तुमचा एक्झोरा आमच्या संत्र्याचाच भाऊ समजा. आमच्या इकडं चुनखडीची जमीन असली का शेंड्याचं पान असंच पिवळं होते आन् शिरा हिरव्या रायतात. लोखंडाची कमी. जमिनीत लोखंड नाई असं नाई, आहे. पण चुन्यानं थे धरून ठेवलं, मुळाले भेटत नाई. पेटीत पैसा हाय पण चाबी हरवली, असं.

आता पायजा, जुनं पान पिवळं का नवं, याच्यावर सगळा खेळ आहे. नत्र कमी पडलं, नाईतर मॅग्नेशियम कमी पडलं, तं झाड जुन्या पानातलं काढून नव्याले देते. म्हणून जुनं पिवळं. लोखंड असं हलवता येत नाई. जुन्यात गेलं थे तिथंच बसलं. म्हणून नवं उपाशी. वरच्या भाऊनं एप्सम सॉल्ट सांगतलं, थे मॅग्नेशियम. तुमचं जुनं पान हिरवंगार आहे, मंग मॅग्नेशियम कायले?

आन् अंड्याचे टरफलं काऊन टाकले जी? थे तं चुनाच आहे. बोअरच्या पाण्यातबी चुना. कुंडीले बाहेरून चुना मारला काय? आमच्या घरी दिवाळीले मारते.

उपाय सस्ता आहे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम, संगं एक ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे लोखंड पाण्यात टिकते. सांजच्याले पानावर फवारजा, दर दहा दिवसाले, तीन वेळा. जास्त नोका टाकू, पान काळं पडते. फरशीवर सांडलं तं गंजाचा डाग जात नाई, खाली पोतं टाकजा. नाईतर ताईसाहेब दुसरा गुडघा सोडून उठतीन. टरफलं वरच्या मातीसंगं काढून टाका. पाऊस आला का छताचं पाणी धरून ठेवजा, एक्झोऱ्याले त्याच्यावानी औषध नाई.

लिंबूवर्गीय संशोधनवाल्याईचं केंद्र तुमच्या अमरावती रोडलेच आहे. मी पानं घेऊन दोनदा गेलो तिथं. तुमी एका कुंडीसाठी जाऊ नोका, हासतीन.

---

तारेवरचा_नागपूरकर
२४ मे, सकाळी ७:०५

उद्यापासून नवतपा. त्याआधी अहवाल देऊन टाकतो.

फिल्टरवाला पोरगा काल आला. नळ १९०. बोअर ८७०. टाकीत पेन बुडवलं आणि तो पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. ३,९२०. म्हणे, "काका, यात पापड भिजवता का?" बाई, तुमच्या आकड्याहून थोडं कमी भरलं. उरलेलं कुठे गेलं तेही पाहिलं. ताटी काढून आपटली तर फरशीवर पांढरे खपले पडले, भजे तळल्यावर कढईत उरते तसा चुरा.

नंतर खूण म्हणून एक काम केलं. तीन स्पायडरपैकी दोन धुतले, एक तसाच ठेवला, पण आता पाणी तिघांनाही नळाचंच. लाइनवर आम्ही असंच करायचो. एक फेज सोडून ठेवायची, मग कळते फरक कशाने पडला.

धुताना पहिलं पाणी चहासारखं आलं. चौथ्या बादलीला जरा साफ. पेन त्या पोराकडून मागून ठेवलं होतं, पहिलं पाणी मोजलं तर पेनाने आकडाच दाखवला नाही, त्याच्या आवाक्याबाहेर गेलं.

क्रोटनची कागदाची परीक्षा दिली. टिचकी मारली, कागदावर मिरचीच्या भुकटीसारखं पडलं. मी म्हटलं धूळ आहे. चष्मा वर करून जवळून पाहतो तर भुकटी चालून राहिली! एकाला बोटाने पुसलं तर लाल रेघ उठली. त्या दिवशी जेवताना तिखट घेतलं नाही मी. जास्वंदीतही आहेत, कमी.

पण क्रोटनची आणखी एक गोष्ट. ताईंनी मातीत दोन बोटं घालायला सांगितली होती. कडेची माती ओली लागली, बुंध्याजवळ बोट जाईना. शेवटी कुंडी आडवी करून झाड काढलं. बाहेरून आपली काळी माती, चिखल. आत लाल मातीचा गोळा, नारळाएवढा, कोरडा ठक्क. विटेसारखा वाजला. मुळं सगळी त्या गोळ्यात. म्हणजे मी रोज दोन वेळा पाणी घालून राहिलो आणि झाड मधे बसून तहानलेलं. हा काय प्रकार आहे?

---

गच्चीवरची
२४ मे, दुपारी १२:३०

हा आंध्रचा गोळा. आपल्या नर्सऱ्यांत बरीचशी शोभेची झाडं राजमहेंद्रीजवळच्या कडियमकडून येतात, लाल चिकट मातीत बांधून. प्रवासाला ती छान, कुंडीत फार वाईट. एकदा पूर्ण वाळली की पाणी आत घेत नाही, बाजूच्या मऊ मातीतून वाहून जातं. बादलीत नळाचं पाणी घ्या आणि गोळा त्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत, अर्धा तास तरी. मग काडीने कडेची लाल माती हलक्या हाताने थोडी सैल करा, मुळं ओढू नका, आणि परत लावा. सावलीत ठेवा. काही पानं गळतील, घाबरू नका.

एक स्पायडर न धुता ठेवलात ते मला फार आवडलं. इथे वीस वर्षं बाग करणारे लोकही हे करत नाहीत. मीसुद्धा धरून.

---

हिरवळ_प्रेमी
२४ मे, दुपारी १:१५

काका, एप्सम सॉल्टचं मागे घेतो. माझा मनी प्लांट बाटलीतल्या पिण्याच्या पाण्यात आहे, हे आत्ता लक्षात आलं.

---

तारेवरचा_नागपूरकर
९ जून, सकाळी ६:५०

मृग लागला, पावसाचा पत्ता नाही. पण बाल्कनीतली बातमी बरी आहे.

धुतलेल्या दोन्ही स्पायडरना मधून नवी पानं आली. सगळ्यात लांब पान मोजलं, ११ सेंटिमीटर, टोक शेवटपर्यंत हिरवं. न धुतलेल्यालाही पान आलं, पण सहा सेंटिमीटरलाच टोकाला तपकिरी ठिपका. मग परवा त्यालाही धुतलं, बिचाऱ्याने माझ्या परीक्षेपायी पंधरा दिवस जास्तीची सजा भोगली. पीस लिलीची बाहेरची चार पानं गेली, मधून दोन आलीत. ड्रेसिना अजून ठरवून राहिला.

क्रोटन पाच वेळा धुतला. अर्धी पानं गळाली, कालच्या कागदावर फक्त दोन चालणारे सापडले. शेंड्याला लाल कोंब आहे. रबर हॉलमध्ये आहे, डागांसकट मजेत. एक्झोऱ्याला दोन फवारे झाले, काटोलवाले भाऊ, शेंडा पोपटी झालाय, पूर्ण हिरवा नाही. पोतं टाकलं होतं, तरी एक थेंब निसटला. फरशीवर चवलीएवढा गंजाचा डाग आहे. त्याच्यावर तूर्त कुंडी ठेवली आहे.

टाकी आता दर चार दिवसांनी बूच काढून पूर्ण रिकामी करतो. ते पाणी खाली पार्किंग धुवायला जाते.

आता मुख्य गोष्ट. परवा ही काठी घेऊन बाल्कनीत आली. मी आंघोळीला गेलो होतो, तेवढ्यात. बाहेर येऊन पाहतो तर बाई स्टुलावर बसलेल्या आणि हातात स्पायडरचं पान. जुनं, कापलेलं. मी सगळं सांगून टाकलं. कुलर, मग, ३,९२०, पांढरे खपले, तुम्ही सगळे लोक, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "कुलरचं पाणी मी बारा वर्षांत एकदाही झाडांना घातलं नाही. हात बुडवला तरी कातडी कोरडी पडते. मला विचारायचं होतं." मी म्हटलं, विचारलं असतं तर तू उठून आली असतीस. त्यावर काही बोलली नाही. क्रोटनखाली माझा पांढरा कागद पडला होता तो उचलला, स्वतःच टिचकी मारली आणि मला म्हणाली, "भिंग आणा."

सध्या पाणी मीच घालतो, तपासणी ती करते. कात्री तिने तिच्या उशीखाली ठेवली आहे.